पडून राहिलेला कॉम्प्युटर आणि तुटून पडलेला ऊस



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांवर लिहावे, अशी रीत आहे. या अंकात आम्ही ती रीत थोडी मोडत आहोत. विषय आहे, घरात पडून असलेला जुना कॉम्प्युटर चांगल्या भावाने कसा विकावा. मथळा वाचून कोणी हसेल. हसावे, पण पुढे वाचावे. गेल्या श्रावणात आमच्या गट ऑफिसात जे घडले, त्यावरून हा विषय सुचला.

दुपारची वेळ होती. अहमदपूरकडच्या एका गावचे आमचे जुने सभासद मोटारसायकलवर आले. वय साठीच्या पुढे. सारे त्यांना तात्या म्हणतात. मागे त्यांची मुलगी बसलेली आणि दोघांच्या मध्ये युरियाचे पोते. पोते उतरवून तात्या म्हणाले,

“साहेब, तुमच्या काट्यावर एवढं वजन करून द्या. भंगारवाला किलोवर मागायलाय. त्यो काटा मारंल म्हणून इकडं आणलं.”

साखर कारखान्याच्या काट्यावर सभासदाचा एवढा विश्वास पाहून आम्हाला बरे वाटले. पण आमचा काटा पडला टनांचा, त्यावर पोत्याचे वजन काय कळणार? पोते उघडले तर आत कॉम्प्युटर. डबा, मॉनिटर, की-बोर्ड, माऊस आणि वायरींचा गुंता. भंगारवाल्याने सगळ्याचे मिळून नऊशे रुपये सांगितले होते.

मुलीला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि वसतिगृहाची अनामत भरायची होती. ऊस शेतात उभा, तोडणीला तीन महिने अवकाश. मागच्या उसाचे बिल सोसायटीत वळते होऊन संपलेले. श्रावण-भाद्रपदात आपल्या भागातल्या शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो, हे आम्ही तुम्हाला सांगावे असे नाही. हातउसने मागायला तात्यांना जीव होत नव्हता. म्हणून घरातली पडून असलेली वस्तू त्यांनी बाहेर काढली होती.

“हे घेतलं तवा चौतीस हजार मोजलेत साहेब,” तात्या म्हणाले. “आता नऊशे. बैल म्हातारा झाला तरी एवढा पडत न्हाई.”

आम्ही म्हणालो, “तात्या, दोन दिवस हे इथंच राहू द्या. बैल बाजारात नेताना तुम्ही असाच नेता का?”

घरोघरी एक डबा

तात्यांच्याच घरी असे आहे असे नाही. उसाच्या नोंदी आणि माती परीक्षणाचे नमुने घेण्यासाठी आम्ही अहमदपूर, लोहा, कंधार या भागांत घरोघर फिरतो. बैठकीत नाही तर माळवदावरच्या खोलीत कॉम्प्युटर दिसतो. त्यावर टॉवेल टाकलेला, टॉवेलवर लग्नपत्रिका, कुठे तर लोणच्याची बरणीसुद्धा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शाळा बंद झाल्या, वर्ग घरात आले. त्या आणि पुढच्या वर्षी अनेकांनी पोटाला चिमटा घेऊन लेकरांसाठी कॉम्प्युटर नाही तर लॅपटॉप घेतला. लेकरे दहावी झाली, लातूर पॅटर्नच्या ओढीने लातूरला नाही तर नांदेडला शिकवणीला गेली आणि यंत्र घरी राहिले.

“असू द्या, कधी तरी कामाला येईल,” असे घरचे म्हणतात. “जुनं ते सोनं” ही म्हण आपल्या अंगात मुरलेली आहे. सोन्याला, जमिनीला, चिंचेच्या झाडाला ती लागू असेल, पण कॉम्प्युटरला नाही.

आपण उसाचे उदाहरण घेऊ. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आम्ही दर हंगामात घसा कोरडा करून सांगतो. का? ऊस बांधावर पडून राहिला की उन्हाने वजन घटते आणि आतली साखर मोडू लागते. वरून ऊस तोच दिसतो, मोळी तीच दिसते, पण वजन आणि उतारा दोन्ही गेलेले असतात. कॉम्प्युटरचेही असेच आहे. वापर थांबला त्या दिवशी त्याची तोडणी झाली असे समजावे. टॉवेलाखाली तो जसाच्या तसा दिसतो, पण किंमत दर महिन्याला उडत असते. लॅपटॉपची बॅटरी तर न वापरताही मरते.

भाव पडतो तो कशाने

यंत्र झिजले म्हणून भाव पडतो तेवढाच बाहेर काय चालले आहे त्यावरही पडतो. याचे ताजे उदाहरण सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक कॉम्प्युटरांवर विंडोज १० ही प्रणाली असायची. तिला मोफत सुरक्षा दुरुस्त्या देणे मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून एक वर्षाची जादा मुदत मिळाली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. आता जुना माल घेणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, “विंडोज ११ चालते का?” जे यंत्र ती चालवते त्याला एक भाव, जे चालवत नाही त्याला दुसरा.

हे ओळखायचे कसे? यंत्र सुरू करून सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट असे गेले की प्रोसेसरचे नाव दिसते. इंटेल कंपनीचा प्रोसेसर असेल तर ‘आय ३’, ‘आय ५’ अशा नावापुढे एक आकडा असतो. आठ हजारात असेल, म्हणजे ८१०० किंवा ८२५० असा, तर ती आठवी पिढी. आकडा १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन आकडे धरावेत: १०१०० म्हणजे दहावी पिढी, ११३५ म्हणजे अकरावी. सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढे विंडोज ११ चालते. एएमडी कंपनीचा असेल तर रायझन २००० या मालिकेपासून पुढे बहुतेक चालतात. शिवाय किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय लागते. एवढे लक्षात राहात नसेल तर मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचे मोफत साधन आहे. ते एका मिनिटात हो की नाही सांगते.

बैलाचे दात पाहावेत तसेच हे आहे. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात कोणी बैलाचे वय मालकाला विचारत बसत नाही. तो जबडा उघडून पाहतो, दुसा आहे की चौसा की जुळलेला. तेव्हा बाजारात जाण्याआधी आपण आपल्या जनावराचे दात पाहून ठेवावेत. ज्याला आपल्या मालाची पिढी माहीत नाही, त्याला समोरचा सांगेल तीच पिढी खरी मानावी लागते.

आणखी एक गोष्ट. २०२५ च्या अखेरीपासून जगभर मेमरीचे, म्हणजे रॅमचे भाव चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी केंद्रे ती मेमरी खरेदी करू लागली, म्हणून. अमेरिकेतल्या कारखानदारीचा आणि आपल्या माळवदावरच्या डब्याचा असा संबंध लागतो. म्हणून डब्यात रॅम किती आहे ते लिहून ठेवावे आणि दुरुस्तीला दिलेल्या यंत्रातली रॅम परत आल्यावर मोजून घ्यावी. ट्रॅक्टर गॅरेजला टाकताना बॅटरीचा नंबर आपण लिहून ठेवतो ना, तसेच.

बंद माल आणि चालू माल

आता तात्यांच्या पोत्याकडे येऊ. आमच्या शेती विभागातल्या ऑपरेटरने कॉम्प्युटर वायरीला लावला. पंखा फिरला, पण पडद्यावर अंधार. तात्या म्हणाले, “गेलं वाटतं.” त्याच दुपारी ओळखीच्या एका दुकानदाराला फोनवर विचारले. तो म्हणाला, “बंद असेल तर सगळ्याचे साडेतीन हजार.” म्हणजे नऊशेचे साडेतीन हजार नुसत्या एका फोनने झाले.

संध्याकाळी ऑपरेटरने डबा उघडला. आत आपल्या काळ्या रानाची धूळ बोटभर. त्याने वायर काढून, डबा अंगणात नेऊन, मऊ ब्रशने आणि हवेच्या फुंकणीने धूळ झटकली. रॅमची पट्टी काढून तिचे टोक खोडरबराने हळूच पुसले आणि पुन्हा घट्ट बसवली. वायर लावली, बटण दाबले आणि पडदा उजळला. प्रोसेसर निघाला दहाव्या पिढीचा, रॅम ८ जीबी. तात्यांच्या मुलीच्या तोंडावर जे हसू आले ते पाहण्यासारखे होते. खर्च काय, तर एक खोडरबर.

यावरून घ्यायचा धडा हा, की बंद म्हणून विकण्याआधी एकदा जाणत्या माणसाला दाखवावे. किरकोळ कारणाने बंद पडलेले यंत्र भंगारात जाते आणि तेच दुसऱ्या दिवशी चालू करून कोणी तरी पाचपटीने विकतो. हे काम येत नसेल तर मात्र स्वतः डबा उघडू नये. मॉनिटर आणि वीज देणारी पेटी यांना तर हातच लावू नये, वीज काढल्यावरही त्यांत धक्का राहू शकतो.

विक्रीच्या आधी करायच्या बाकीच्या गोष्टी अशा:

१. बिल शोधावे. बिलाने वस्तू चोरीची नाही हे कळते, घेतल्याची तारीख कळते आणि वॉरंटी उरली असेल तर तीही कळते. कंपनीचे खोके सापडले तर उत्तमच.

२. लॅपटॉप असेल तर मूळ चार्जर सोबत द्यावा. चार्जर नसला तर घेणारा त्याची नवी किंमत तर वजा करतोच, वर ‘चालतो की नाही कुणाला ठाऊक’ म्हणून आणखी थोडे वजा करतो.

३. बॅटरी पूर्ण भरून किती वेळ चालते ते घड्याळ लावून पाहावे आणि खरे तेच सांगावे.

४. यंत्र विंडोज ११ चालवण्याजोगे असेल आणि अजून १० वरच असेल, तर विकण्याआधीच ११ टाकून घ्यावे. अस्सल विंडोज १० असेल तर त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. घेणाऱ्याचा पहिला प्रश्नच मिटतो.

५. नवे सुटे भाग घालून भाव वाढवण्याच्या नादी बेताने लागावे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली की यंत्र पळायला लागते हे खरे, पण घातलेले पैसे भावात परत येतील का, हे आधी दुकानात विचारून घ्यावे. बाजाराच्या आदल्या आठवड्यात बैलाला सरकी-पेंड किती चारायची, याचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याला येतो. तोच हिशेब इथे.

आमची चूक

आता जी गोष्ट सांगायची ती सांगताना आम्हाला संकोच वाटतो. पण सभासदांपासून लपवावी अशीही ती नाही.

२०१९ साली आम्ही आमचा घरचा कॉम्प्युटर विकला. तीन वर्षे पडून होता, भाव मिळेल तो घेतला. विकण्याआधी सगळ्या फायली निवडून पुसल्या, कचऱ्याची टोपली रिकामी केली आणि काम झाले असे समजलो. चार महिन्यांनी एका संध्याकाळी अनोळखी फोन आला.

“साहेब, तुम्ही कारखान्यात आहात का? माझ्याकडं तुमच्या गटातल्या शेतकऱ्यांची यादी निघाली हो. नावं, गट नंबर, बँकेचे खाते नंबर, सगळंच हाय.”

आमच्या पायाखालची जमीन सरकली. उसाच्या नोंदीच्या दिवसांत रात्री घरी बसून आम्ही ती यादी टाईप केली होती. फोन करणारा नांदेडला शिकणारा एक विद्यार्थी होता. जुना कॉम्प्युटर घेऊन, गेलेल्या फायली परत आणण्याचे साधन तो सहज चालवून पाहत होता. मुलगा सज्जन निघाला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने नांदेड गाठले, त्याला नवी डिस्क घेऊन दिली आणि आमची परत आणली. कारखान्यात जाऊन सगळे सांगितले आणि बोलणीही खाल्ली. तो सज्जन नसता तर काय झाले असते, या विचाराने किती तरी रात्री झोप लागली नाही. चूक आमची होती आणि नुकसान तुमचे झाले असते.

तेव्हा समजून घ्या. फाईल पुसली म्हणजे ती जात नाही. तलाठ्याच्या जाड रजिस्टराची अनुक्रमणिका फाडली तर नाव सापडायला अवघड जाते, पण आतली पाने तशीच राहतात. नुसते पुसणे आणि झटपट फॉरमॅट ही अनुक्रमणिका फाडण्याची कामे आहेत. आज आपल्या घरच्या कॉम्प्युटरात काय नसते? सात-बारा, आधार, पासबुकाचे फोटो, पोरीबाळींचे फोटो, पीक विम्याचे अर्ज. यंत्राचे चार पैसे जास्त यावेत म्हणून हे सारे कोणाच्या हाती द्यायचे का?

म्हणून हा क्रम पाळावा. आधी हवे ते सारे पेनड्राइव्हवर घ्यावे आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या यंत्रात लावून, उघडून, खात्री करावी. महत्त्वाच्या गोष्टींच्या दोन प्रती ठेवाव्यात. दुकान-धंदा असेल आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर असेल तर त्याचा परवाना त्या यंत्रावरून सोडवून घ्यावा. मग ईमेल आणि इतर खात्यांतून बाहेर पडावे, आणि मोबाईलमधल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून तो कॉम्प्युटर काढावा. शेवटी सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जाऊन ‘रिसेट’ घ्यावे, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडावे आणि त्यातल्या बदलाच्या पर्यायात ‘क्लीन डेटा’ चालू करावे. हा शेवटचा पर्याय बरेच जण विसरतात, आणि खरी नांगरट तोच करतो. जुन्या फिरत्या डिस्कला यात कित्येक तास लागतात. रात्री लावून झोपावे. वीज जाण्याची भीती असेल तर इन्व्हर्टरवर लावावे.

यंत्र सुरूच होत नसेल तर डिस्क काढून घरी ठेवावी आणि बाकीचे विकावे. डिस्क नाही म्हणून भाव थोडा उतरेल. तो उतरू द्यावा.

तात्यांच्या कॉम्प्युटरातही असेच निघाले. मुलगी फायली पेनड्राइव्हवर घेत होती आणि मध्येच थांबली. तात्यांच्या आईचे, म्हणजे तिच्या आजीचे चार फोटो त्यात होते. म्हातारी २०२१ मध्ये गेली. ज्या मोबाईलवर ते काढले तो केव्हाच पाण्यात पडला होता. घरात दुसरी प्रत कुठेच नव्हती. पोते तसेच किलोवर गेले असते तर नऊशे रुपयांत ती चार छायाचित्रेही गेली असती. तात्या पडद्यासमोर बराच वेळ काही बोलले नाहीत.

भाव कसा काढावा

आपल्या भागातल्या माणसाला बाजार शिकवावा लागत नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी नाही तर देवणी जोडी घेऊन गेलेला माणूस पहिल्या गिऱ्हाइकाला दावे देत नाही. तो आधी बाजार फिरून येतो आणि तशीच जोडी काय भावाने गेली ते पाहतो. कॉम्प्युटर विकताना मात्र हाच माणूस दुकानाच्या काउंटरवर लाजतो. इंग्रजी शब्द आले की तो गप्प बसतो. इथेच पैसा जातो.

किमान तीन भाव घ्यावेत. एक जुन्या मालाच्या दुकानाचा. दुसरा नवे घेताना जुने बदलून देणाऱ्याचा. यात नव्याची किंमत आधी वेगळी विचारावी, मग जुन्याचा भाव काढावा, नाही तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने घेतले जाते. तिसरा थेट वापरणाऱ्याचा, आणि बहुधा तोच सर्वांत चांगला असतो, कारण मध्ये कोणी नसते. गावातले सेवा केंद्र, टायपिंगची संस्था, खताचे दुकान, डिप्लोमाला गेलेला भाचा, बचत गट, अशा ठिकाणी शब्द टाकावा. मोबाईलवरून घरबसल्या भाव सांगणारेही असतात. तिथे सांगितलेला भाव आणि घरी येऊन तपासल्यावर हातात पडणारा भाव यांत फरक पडू शकतो, हे धरून चालावे.

नवीन तसेच यंत्र आज कितीला मिळते ते आधी पाहावे. आपण २०२० मध्ये किती दिले, हा आकडा मनातून काढून टाकावा. घेणारा आजच्या नव्याशी तुलना करतो, आपल्या जुन्या बिलाशी नाही. आणि काळ-वेळ पाहावी. आमचा अनुभव असा, की जून ते ऑगस्ट, महाविद्यालयांचे प्रवेश होतात तेव्हा नांदेड-लातूरकडे जुन्या यंत्रांना मागणी असते. दिवाळीत नव्यावर सवलती निघतात आणि जुने विकायला काढणारे वाढतात.

खोट लपवू नये. पडद्यावर रेघ असेल, एखादे बटण अडकत असेल तर आधीच दाखवावे आणि लिहून द्यावे. मारका बैल गरीब म्हणून विकला तर तो दावणीला फार तर एक दिवस गप्प राहतो. दुसऱ्या दिवशी घेणारा दारात येतो आणि चार गावांत नाव जाते. आधी सांगितलेल्या खोटीचा भाव एकदाच कमी होतो. मागून सापडलेल्या खोटीचा दोनदा होतो.

पैसे घेताना

या ठिकाणी फसगत फार होते, म्हणून स्पष्ट लिहितो. यूपीआयवर पैसे *घ्यायला* पिन लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅनही करावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. “मी क्यूआर पाठवतो, तुम्ही स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील,” असे कोणी म्हणाला की फोन ठेवावा. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, माणूस पाठवतो’ ही कहाणीही जुनी आहे. पैसे पाठवल्याचा फोटो दाखवला म्हणून वस्तू देऊ नये. आपल्या बँकेच्या खात्यात शिल्लक वाढलेली स्वतः पाहावी, मगच दावे सोडावे. तरीही फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

साध्या कागदावर विक्रीची पावती करावी. यंत्राचे नाव, मागचा अनुक्रमांक, किंमत, तारीख, वेळ, दोघांची नावे-सह्या आणि सांगितलेली खोट. उद्या त्या यंत्रावरून कोणी काही उद्योग केला, तर ते कोणत्या दिवशी आपल्या हातून गेले याचा पुरावा राहतो. घेणाऱ्याला आधारची प्रत उगाच देऊ नये. दिलीच तर त्यावर कारण आणि तारीख लिहून आडवी रेघ मारावी.

जे विकत नाही ते

काही माल खरोखरच भंगार असतो. जुना पेटीसारखा मॉनिटर कोणी घेत नाही. त्याच्या काचेत शिसे असते. तो उकिरड्यावर फोडू नये. उकिरड्याचे खत शेवटी आपल्याच सरीत जाते. तांब्यासाठी वायरी जाळू नयेत, तो धूर लेकरांच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांप्रमाणे असा माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे गेला पाहिजे. पाच-दहा घरांचा माल एकत्र केला तर तो पोचवणे सोपे जाते. पाचट जाळू नका, कुजवा, असे आम्ही सांगतो. हेही त्याच जातीचे सांगणे आहे.

तात्यांचे पोते

तिसऱ्या दिवशी लोह्याकडच्या एका गावातला तरुण आला. तो गावात झेरॉक्स आणि ऑनलाईन अर्जांचे काम करतो. त्याने यंत्र अर्धा तास चालवून पाहिले. मॉनिटरच्या कोपऱ्यात एक पिवळट डाग होता, तो मुलीने आपणहून दाखवला. तो दहा हजार म्हणाला, तात्या तेरा म्हणाले. पुढचे काही वेळ चालले ते जनावरांच्या बाजारासारखेच. फक्त हातावर रुमाल तेवढा नव्हता. साडेअकरा हजाराला सौदा तुटला. पैसे मुलीच्या खात्यावर आले, तिने शिल्लक पाहिली, पावतीवर सह्या झाल्या.

ते पोते रिकामे घडी करून तात्यांनी मोटारसायकलच्या डिकीत ठेवले. “युरियाला होईल,” म्हणाले. मग जाता जाता थांबले.

“साहेब, चार वरसं झाकून ठुवलं. आधीच इकलं असतं तर?”

आम्ही सांगितले, “आणखी चार-पाच हजार आले असते, तात्या.”

“मंग आमचा ऊस तरी येळेवर तोडा,” तात्या म्हणाले.

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. तोडणीच्या टोळ्यांचा प्रश्न आपणा सर्वांस माहीत आहे. पण बांधावर पडून राहणाऱ्या उसाबद्दल सभासदाला काय वाटते, ते त्या दिवशी आम्हाला पुन्हा एकदा समजले, आणि ते आम्ही वरिष्ठांच्या कानावर घातले आहे.

तरी सर्व सभासदांनी या लेखाची नोंद घ्यावी. येत्या रविवारी घरातला टॉवेल एकदा उचलून पाहावा. वापर होत असेल तर आनंदच आहे, नसेल तर ज्याला त्याची गरज आहे त्याच्याकडे ते यंत्र जाऊ द्यावे. आधी आतले आपले काढून घ्यावे, आणि भाव तीन ठिकाणी विचारावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी
(शेती विभाग)